गाबोळी

सालमियात, चौथ्या मजल्यावर, उम्म बद्र
तोंडाला बधिर करणारं मलम लावून बसली आहे.
चाळीस मिनिटं. वरून प्लास्टिकचा पातळ कागद,
फ्रीजमधल्या चिरलेल्या कलिंगडावर असतो तसा.
बाहेर धूळ. समुद्र असेल जागेवरच, दिसत नाही.

मी ट्रे लावते. बारीक सुया, गॉज,
आणि काड्यापेटीएवढ्या खोक्यातली
दोन मिलिलिटरची भरलेली सिरिंज.
हिच्यात काय आहे? ती विचारते. दर वेळी विचारते.
सिमच, मी सांगते. मासा.
नराच्या बीजातून काढलेले धागे.
ती हसते ते नुसतं डोळ्यांनी,
गाल अजून रजेवर आहेत.

आता भरायचं नाही, ती डॉक्टर नादीनला बजावते.
मागच्या वर्षी भरले होते,
उशीत कापूस भरतात तसे. हनुवटीला कोपरा आला,
ओठांना कड आली, बहिणी माशाल्ला म्हणाल्या.
मग ती जहराला आईकडे गेली.
आईला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही,
ती माणसं बोटांनी ओळखते.
कपाळ, भुवया, नाक,
मग गाल, आणि तिथे हात अडला.
"आवाज माझ्या मुलीचा आहे," ती मोलकरणीला म्हणाली,
"तोंड कुणाचं घेऊन आली?"

त्याच आठवड्यात उम्म बद्र इथे: विरघळवा.
विरघळवणारी सुई जास्त दुखते, हे कुणी आधी सांगत नाही.
नंतर महिनाभर तिचा चेहरा
पाहुणे उठून गेलेल्या सतरंजीसारखा.

ही सुई वेगळी, नादीन समजावते.
ही भिंत बांधत नाही,
कातडीतल्या म्हाताऱ्या गवंड्याला हाक मारते.
तो येईल का? — बहुतेक.
कधी? — तीन बैठका, मधे तीन-तीन आठवडे.
उम्म बद्र माझ्याकडे बघते.
मी गॉजची घडी नीट करते.

एका सिरिंजचे पंच्याण्णव दिनार.
रुपयांत करायचं नाही असं दर वेळी ठरवते,
दर वेळी करते: आईचा अख्खा मे महिना,
हर्णैच्या बंदरावर, टोपलीसकट.

तिला फोनवर सांगितलं, तर ती हसत सुटली.
"नराची? म्हंजे पांढरी गाबोली?
अगो, ती आमी रव्यात घोलवून तलतो,
तुमी तोंडात टोचता?"
तोंडात नाही, तोंडावर, मी म्हटलं.
"मग चव कशी कलनार?"

हसताना तिने फोन जवळ धरला.
डोळ्यांच्या कडेला उन्हाच्या भेगा,
गालावर एक खवला, तिला माहीत नसलेला.
आणि मी, सवयीने, मनातल्या पांढऱ्या पेन्सिलीने
खुणा करत गेले: इथे दोन, इथे चार,
ओठांवर नको, तिथे रक्त येतं.
"काय बगतेस एवडी?"
रेंज गेली होती, मी म्हटलं.

आता मलम पुसलं. नादीन टोचते,
मी मोजते, मराठीत, ओठ न हलवता.
प्रत्येक टोचणीला मुंगी चावल्यासारखा फुगवटा.
बावन्नाव्याला उम्म बद्र माझं मनगट धरते
आणि अठ्ठावन्नपर्यंत सोडत नाही.

सिरिंजमध्ये थेंबभर उरतं. नियम आहे:
पिवळ्या डब्यात. टाकलं.

संध्याकाळपर्यंत फुगवटे जिरतील, मी सांगते,
आज मेकअप नको, ऊन नको,
आणि जहराला उद्या जा. आज हात लावला
तर आईला खवल्यांसारखं लागेल.
ती अबाया सावरते, आरशात बघत नाही,
लिफ्टचं बटण दाबते.
"मग सांगेन," ती म्हणते, "मासा आणलाय."